धम्म आणि धंदा

धम्माचा स्वीकार केला म्हणजे संपत्तीकडे पाठ फिरवावी, असा समज आपल्यांतील काही कुटुंबांत आढळतो. उलट पैसा हाच यशाचा एकमेव मापदंड आहे असे शिकविणारी पुस्तके बाजारात ढिगाने विकली जातात. हे दोन्ही विचार उपासकाला सारखेच घातक आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

भगवान बुद्धांनी भिक्खूंना अपरिग्रह सांगितला. गृहस्थाला दारिद्र्य सांगितले नाही. दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाने सुखी संसाराचा मार्ग विचारला, तेव्हा तथागतांनी चार गोष्टी सांगितल्या: उद्योगशीलता, मिळविलेल्या धनाचे रक्षण, सज्जनांची संगत आणि आयव्ययाचा समतोल. सिगालोवाद सुत्तात तर मिळकतीचे चार भाग करून एक उपभोगासाठी, दोन व्यवसायात आणि चौथा आपत्काळासाठी ठेवावा, असा उपदेश आहे.

या चौथ्या भागाचे मोल आपल्या नंदुरबारात मिरचीच्या हंगामात कळते. ओली लाल मिरची बाजारात येते, व्यापारी ती घेतात आणि गावाबाहेरच्या पथारींवर वाळत घालतात. अवकाळी पाऊस आला की व्यापाऱ्याचा माल भिजतो आणि देठ खुडणाऱ्या मजुराचा रोज बुडतो. तोटा दोघांनाही होतो. परंतु ज्याच्यापाशी राखीव पुंजी आहे तो पुढच्या हंगामात पुन्हा उभा राहतो, आणि ज्याच्यापाशी ती नाही तो सावकाराच्या दारात उभा राहतो. म्हणूनच लग्नाच्या मांडवात वर्षाची कमाई उधळणाऱ्या कुटुंबाने आपण कोणता भाग खर्चिला, याचा विचार करावा.

येथे कोणी म्हणेल, केवळ उद्योग आणि काटकसर यांनी जातीची भिंत पडते काय? हा आक्षेप खरा आहे. बडोद्याहून परतल्यानंतर बाबासाहेबांनी मुंबईत शेअरबाजाराविषयी सल्ला देणारी पेढी काढली होती. त्यांच्या विद्वत्तेत काही उणे नव्हते. परंतु त्यांची जात कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि पेढी बंद पडली. म्हणून गुणाला हक्काची जोड हवी. अनुच्छेद 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. 1955 च्या कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला धंदा करण्यास आडकाठी करणे हा गुन्हा ठरविला. 1990 साली बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या सवलती केंद्राने लागू केल्या. 26 जानेवारी 2016 पासून अनुसूचित जाती-जमातींच्या माणसावर आर्थिक बहिष्कार टाकणे वा त्याची धमकी देणे हाही अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली अपराध आहे. मात्र जातीचा दाखला कपाटात आणि तक्रार मनात ठेवली, तर कायदा आपण होऊन दारी येत नाही.

वकील या नात्याने आणखी एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. आपले व्यवहार बहुधा तोंडी असतात. भावाभावांची भागीदारी विश्वासावर चालते आणि नोंदणी राहून जाते. पुढे कोणी पैसे बुडविले, तर नोंदणी नसलेल्या पेढीला करारावरून बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. उधार दिलेल्या मालाच्या किमतीचा दावा साधारणतः तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. भिडेखातर थांबलेल्याचा हक्क मुदतीत बुडतो. ती मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याकडून देणे असल्याची लेखी, सहीची कबुली घेतली, तर मुदत नव्याने मोजली जाते. हिशेबाची वही हाच लहान दुकानदाराचा पहिला साक्षीदार होय; ती घरातील शिकलेल्या मुलीकडे सोपवा.

नोकरी मिळविणे गौरवाचे आहे, परंतु प्रत्येक घराने एकाच जाहिरातीकडे डोळे लावून बसणे शहाणपणाचे नाही. एखाद्या मुलाने पथारीवरची मजुरी सोडून स्वतःची मसाल्याची चक्की घातली, तर त्याला नावे ठेवू नका. त्याच्याकडून माल घ्या आणि रोख घ्या. कारण आपल्याच माणसाची उधारी बुडविणे हीही चोरीच आहे, आणि चोरी न करण्याचे शील आपण दररोज म्हणतो. तसेच मद्य, विष, शस्त्रे, मांस व प्राणी यांचा व्यापार उपासकाला वर्ज्य सांगितला आहे. त्यांतील नफा कितीही मोठा असो, तो नाकारण्याची हिंमत हेही यशच आहे.

श्रमाने मिळवा, वहीत लिहा, चौथा भाग राखा आणि हक्कासाठी उभे राहा.