अर्थपुरवणीतली नीतिकथा

मराठी वृत्तपत्रांच्या अर्थपुरवण्यांतून गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक नवा गद्यप्रकार चांगलाच रुजला आहे. तो अभ्यासक्रमात नाही, समीक्षेने त्याची दखल घेतलेली नाही आणि त्याच्यावर कुणी प्रबंध लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. हा प्रकार म्हणजे 'वैयक्तिक अर्थनियोजना'चा लेख. क्रेडिट कार्ड कसे वापरावे, सिबिलचा स्कोअर कसा वाढवावा, पगाराचे किती भाग करावेत, कोणते कर्ज चांगले आणि कोणते वाईट, असे त्याचे विषय. हे लेखन माहितीपर असल्याचा दावा करते. आमचे म्हणणे असे की, त्याची रचना नीतिकथेची आहे. या कथेत एक उधळ्या असतो, एक शहाणा असतो आणि शेवटी तात्पर्य असते. दोष नेहमी कर्ज घेणाऱ्याच्या पदरात पडतो. कर्ज देणारा मात्र कथेत पात्र म्हणून कधी येतच नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्याने प्रथम विचारायचा प्रश्न असा की, या गद्याने गृहीत धरलेला वाचक कोण? उत्तर पहिल्या परिच्छेदातच मिळते. त्याला दरमहा एक तारखेला पगार मिळतो. 'सहा महिन्यांच्या खर्चाइतका आपत्कालीन निधी बाजूला ठेवा' हे वाक्य अशा माणसाला उद्देशूनच लिहिता येते. यवतमाळ जिल्ह्यातल्या कापूस उत्पादकाचे आर्थिक वर्ष एक तारखेला सुरू होत नाही. ते पेरणीला सुरू होते आणि चुकारा हाती पडेल तेव्हा संपते. मध्ये दुबार पेरणी आली तर त्याला दोनदा सुरुवात होते. पण शेतकऱ्याचे सोडा. आमच्याच महाविद्यालयांतून तासिका तत्त्वावर शिकवणारे, नेट-सेट झालेले तरुण सहकारी आहेत. त्यांचे मानधन महिनोन्महिने रखडते. त्यांना 'पगाराच्या तीस टक्क्यांहून अधिक हप्ता नको' असे सांगणे म्हणजे ज्याच्या घरी विहीर नाही त्याला पोहऱ्याची निगा शिकवणे होय. हे ब्लॉग वाचणाऱ्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांपैकी अनेकजण उद्या याच रांगेत उभे राहणार आहेत, म्हणून हा प्रश्न आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही.

दुसरा प्रश्न शब्दांचा. आपल्याकडे एकाच क्रियेला दोन नावे आहेत आणि कोणते नाव कोणाला लावायचे हे त्या माणसाचा वर्ग ठरवतो. शहरातल्या नोकरदाराने एका कार्डाची थकबाकी दुसऱ्या कार्डावर नेली की, ते 'बॅलन्स ट्रान्सफर' होते आणि पुरवणीत त्याची गणना हुशारीत होते. शेतकऱ्याने मार्चअखेर जुने पीककर्ज फेडल्याचे दाखवून नवे उचलले की, ते 'नवे-जुने' होते आणि त्याच वृत्तपत्राच्या अग्रलेखात ती बिघडलेली सवय ठरते. कंपनीचे कर्ज 'पुनर्रचित' होते, शेतकऱ्याचे 'माफ' होते. माफी गुन्ह्याची करतात. या एका शब्दाने कर्जदाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे, आणि अर्थविषयक लिहिणाऱ्या पत्रकारांनी तो शब्द कधी तपासला नाही. 'पत' हा शब्दही असाच. मराठीत पत म्हणजे माणसाची गावातली किंमत, त्याच्या शब्दाचे वजन. आता तिचे भाषांतर ३०० ते ९०० यांमधल्या एका आकड्यात झाले आहे. तो आकडा कुणी काढला, कोणत्या नोंदींवरून काढला आणि नोंद चुकली तर दाद कुठे मागायची, हे सांगण्याऐवजी आपला आकडा वाढवण्याच्या सात युक्त्या सांगितल्या जातात.

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. क्रेडिट कार्डाचे व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरू. हा दर अजिबात असामान्य नाही. थकबाकी पन्नास हजार. महिन्याचे व्याज १,७५० रुपये, त्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर ३१५ रुपये, एकूण २,०६५. बँक म्हणते, 'किमान देय रक्कम' पाच टक्के, म्हणजे २,५०० भरा. वाचक ते भरतो आणि निश्चिंत होतो. मुद्दल कमी होते ४३५ रुपयांनी. आता याच्या शेजारी दुसरे कार्ड ठेवू. त्याच्याही नावात 'क्रेडिट कार्ड' हेच शब्द आहेत: किसान क्रेडिट कार्ड, योजना १९९८ सालची. पीककर्जाचा सवलतीचा दर सात टक्के. वेळेत फेडल्यास केंद्राची आणखी तीन टक्के सूट, म्हणजे चार टक्के. पन्नास हजारांवर वर्षाचे व्याज दोन हजार रुपये. राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळाली तर तेवढेही नाही. म्हणजे शहरी कार्डाच्या एका महिन्याचे ओझे हे शेतकऱ्याच्या कार्डाच्या एका वर्षाच्या ओझ्याहून जास्त आहे.

हा हिशेब कुणालाही पाचवीच्या गणितात करता येतो. मग तो आपण शेजारी-शेजारी मांडलेला का वाचत नाही? कारण मांडला तर दोन्ही कथा मोडतात. कार्डवाल्या नोकरदाराला कळेल की, आपण सावकारी व्याज देत आहोत, फक्त सावकाराची पेढी वातानुकूलित आहे. आणि शेतकऱ्याबद्दल असा प्रश्न पडेल की, इतके स्वस्त कर्ज असताना तो बुडतो कसा? त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मग बातमीदाराला गावात जावे लागेल. तिथे त्याला दिसेल की, स्वस्त कर्जाची रक्कम पिकाच्या ठरलेल्या दराने मिळते, प्रत्यक्ष खर्चाच्या हिशेबाने नाही. एकदा थकबाकीदार झालेल्याला बँकेचे दार बंद होते. मग उरतात कृषी केंद्राची उधारी, खासगी सावकार आणि बचतगटाच्या नावाने दारात येणाऱ्या सूक्ष्मवित्त कंपन्यांचे हप्ते. या कंपन्यांच्या व्याजावर असलेली मर्यादा रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ च्या नव्या चौकटीत काढून टाकली आणि दर ठरवण्याचे काम त्यांच्याच संचालक मंडळांवर सोपवले. गावातल्या बायकांच्या दृष्टीने त्या वर्षीची ही सर्वांत मोठी आर्थिक बातमी होती. वैयक्तिक अर्थनियोजनात गावातली बाई ही 'व्यक्ती' धरली जात नाही, एवढाच याचा अर्थ.

कर्जबाजारीपणाचे खापर कर्जदाराच्या स्वभावावर फोडण्याची ही रीत जुनी आहे. १८७५ साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली. तेव्हाही सुशिक्षितांचे निदान असेच होते की, कुणबी लग्नकार्यात पैसा उधळतो. त्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगानेच पुढे नमूद केले की, लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून अवाजवी महत्त्व दिले गेले आहे. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये हा आक्षेप समोर घेऊन सारा, कोर्टकचेरी आणि सावकारी यांचा हिशेब मांडला. वासाहतिक सरकारच्या आयोगाला जे कळले ते आजच्या स्तंभलेखकाला कळू नये, याचे आश्चर्य वाटते. तो आजही लिहितो की, मोबाइल, लग्न आणि सण यांवरचा खर्च आवरा. 'ऋण काढून सण' ही म्हण त्याच्या हाताशी असतेच. व्याजदर कुणी ठरवला, हे सांगणारी म्हण मात्र त्याला आठवत नाही.

एक उदाहरण यवतमाळ शहरातले. बाबाजी दाते महिला सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये निर्बंध घातले. ठेवीदाराला पाच हजार रुपयांपेक्षा जास्त काढता येईना. २०२२ मध्ये बँकेचा परवाना रद्द झाला. ठेव विम्याचे संरक्षण फेब्रुवारी २०२० पासून एका लाखावरून पाच लाखांवर गेले होते, म्हणून लहान ठेवीदार वाचले. पाच लाखांपलीकडच्या रकमेला विम्याचा आधार नव्हता. आता विचारायचे ते एवढेच: आपली ठेव किती रकमेपर्यंत सुरक्षित आहे, सहकारी बँकेचा ताळेबंद कसा वाचायचा, लेखापरीक्षकाच्या शेऱ्याचा अर्थ काय, हे शिकवणारे मराठी लेख आणि विमानतळावरच्या विश्रामकक्षात कार्डावर फुकट प्रवेश कसा मिळवायचा हे शिकवणारे लेख, यांचे प्रमाण काय आहे? यवतमाळच्या विमानतळावरून नियमित प्रवासी विमान सुटत नाही. ठेवीदार मात्र इथे घरोघरी आहेत.

या मौनामागे केवळ अज्ञान आहे असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. अर्थपुरवणी जाहिरातीवर चालते आणि जाहिरातदार तोच असतो ज्याच्याविषयी लिहायचे असते. काही माध्यमसमूहांनी तर २००५ नंतर जाहिरातीच्या बदल्यात कंपन्यांचे समभाग घेण्याचे करार केले. अशा हितसंबंधांची माहिती वाचकाला देणे बंधनकारक करण्याची वेळ २०१० मध्ये सेबीवर आली. अर्थविषयक पत्रकारांनी भेटी, सहली, सवलती घेऊ नयेत, असे भारतीय प्रेस कौन्सिलचे आचारनियम सांगतात. कादंबरीच्या परीक्षणात लेखक आपला मित्र आहे हे न सांगणाऱ्या समीक्षकाला आपण नावे ठेवतो. मग ज्या बँकेच्या कार्डाची वाखाणणी चालली आहे तिची पानभर जाहिरात त्याच अंकात आहे, हे न सांगणाऱ्या पत्रकाराला निराळा न्याय का?

यावर एक आक्षेप येईल आणि तो प्रामाणिक आहे. या लेखांनी अनेकांना चिट फंडापासून आणि विमा-एजंटाच्या गोड बोलण्यापासून वाचवले. 'किमान देय रक्कम' हा सापळा असल्याचेही याच पुरवण्यांतल्या काही लेखकांनी सांगितले. मराठी माणसाला पैशाविषयी बोलायची लाज वाटत होती, ती त्यांनी घालवली. हे सारे खरे आहे, आणि अशा लेखकांचे ऋण मान्य केले पाहिजे. पण सापळा ओळखायला शिकवणे वेगळे आणि सापळा कुणी लावला हे विचारणे वेगळे. तीस टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो रद्द केला; व्याजाचे नियमन हे रिझर्व्ह बँकेचे क्षेत्र आहे, आयोगाचे नव्हे, अशी भूमिका घेतली. म्हणजे चेंडू नियामकाकडे आला. व्याजाला मर्यादा असावी की नसावी, हा यापुढचा सार्वजनिक प्रश्न आहे. वाचकाला नुसते 'बिल वेळेवर भरा' असे सांगणारा पत्रकार त्याला ग्राहक म्हणून शहाणा करतो खरा, पण नागरिक म्हणून मुका ठेवतो.

दुसऱ्या प्रकारची पत्रकारिता शक्य आहे, हे याच भूमीवर सिद्ध झाले आहे. विदर्भातल्या कापूसपट्ट्यात वर्षानुवर्षे फिरलेल्या पी. साईनाथ यांनी २०१० साली तेव्हाच्या औरंगाबादेत एकाच दिवशी खरेदी झालेल्या दीडशे मर्सिडीज गाड्यांची बातमी हाताळली, तेव्हा त्यांनी खरेदीदारांची श्रीमंती वर्णिली नाही; गाडीच्या कर्जाचा व्याजदर आणि ट्रॅक्टरच्या कर्जाचा व्याजदर शेजारी ठेवले. वैयक्तिक अर्थकारणाचा तोही लेखच होता. फरक एवढाच की, त्यात कर्ज देणारा पात्र म्हणून हजर होता.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. महिन्याचा दर छापला तर शेजारी वर्षाचा छापावा. २०२२ च्या निर्देशांनी हे बंधन बँकांवर घातलेच आहे, ते लेखकानेही पाळावे. लेखाखाली हितसंबंध जाहीर करावेत. ज्यांचे उत्पन्न अनियमित आहे, त्यांच्यासाठी पुरवणीत नेमकी जागा असावी. आणि किसान क्रेडिट कार्डालाही क्रेडिट कार्ड समजावे. पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नका, असे बँकांना मुख्यमंत्र्यांना २०२५ मध्ये बजावावे लागले. हा विषय अर्थपुरवणीचा नसेल तर कोणाचा?

उरलेली जबाबदारी आपली. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला बाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतल्याच्या वादळानंतर उद्घाटन वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. कर्जापायी पती गमावलेली शेतकरी स्त्री मराठी साहित्याच्या व्यासपीठावर उभी राहिली. आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांना अर्थ यायचा असेल तर तिच्या दुःखावरची कविता अभ्यासक्रमाला लावून भागणार नाही. ज्या गद्यात तिच्यासारखीला जागाच नाही, ते गद्यही वर्गात काढून, त्याचा कर्ता कोण, कर्म कोण आणि कर्मणी प्रयोग नेमका कुठे वापरला आहे, हे मुलांना दाखवावे लागेल. व्याकरण आपण शिकवतोच. येत्या सत्रात व्यावहारिक मराठीच्या तासाला एक अर्थपुरवणी वर्गात नेली तरी सुरुवात होईल.