घरातलं चिमुकलं कुत्रं आणि दिवसभराचं पोतेरं



या आठवड्यात एका भगिनीच्या पत्राला उत्तर देते आहे. मुलांच्या हट्टापायी त्यांच्या घरात पॉमेरेनियनचं पिल्लू आलं. आता ते सात महिन्यांचं आहे. दिसायला गोजिरवाणं, पण दिवाणाच्या पायाशी, पायपुसण्यावर, कधी थेट देवघराच्या उंबऱ्यापाशी शू करतं. सासऱ्यांचा पाय घसरता घसरता वाचला. सासूबाईंनी निर्वाणीचं सांगितलं आहे, ''महिन्याभरात हे थांबलं नाही, तर कुत्र्याला गावाबाहेर सोडून या.'' मुलं रडताहेत, यजमान पेपरात तोंड खुपसून बसताहेत आणि पोतेरं मात्र दिवसातून सात वेळा यांच्याच हातात! ''ताई, कुत्रं सुधारेल का, की सोडूनच द्यावं?'' असं त्यांनी विचारलं आहे.

सोडून देण्याचा विचार आधी मनातून काढून टाका. माणसाच्या हातचं खाऊन वाढलेला हा एवढासा जीव रस्त्यावर दोन दिवससुद्धा टिकायचा नाही. शिवाय उपासमार होईल अशा स्थितीत पाळीव जनावर वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. आणि खरं सांगू का, त्याची गरजच नाही. महिनाभर घरातल्या सगळ्यांनी एकाच पद्धतीने वागलं, तर बहुतेक कुत्री शिकतात. फक्त 'शिकवायचं कुणाला' हे आधी ठरवा. कुत्र्याला तर शिकवायचंच, पण त्याआधी घरातल्या माणसांना!

आधी डॉक्टर, मग शिस्त

पूर्वी घरात न करणारं कुत्रं अचानक करू लागलं, तर तो खोडसाळपणा समजू नका. वारंवार थेंब थेंब शू होणं, कुंथणं, शूमध्ये रक्त दिसणं, एकाएकी पाणी खूप पिणं, झोपेतच अंथरूण ओलं होणं, ही दुखण्याची लक्षणं आहेत. मूत्रमार्गाचा संसर्ग, मूतखडा, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार यांपैकी काहीही असू शकतं. वय झालेली, ऑपरेशन न केलेली मादी एकदम जास्त पाणी पिऊ लागली आणि मलूल झाली, तर गर्भाशयात पू झालेला असण्याची शक्यता असते. तिथे एक दिवसही दवडू नये. तसंच कुत्रं जोर करतंय पण थेंबही येत नाही, असं दिसलं तर रात्र असली तरी पशुवैद्याला गाठावं. एरवी जाताना सकाळची ताजी शू स्वच्छ कोरड्या बाटलीत धरून न्या, डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

तब्येत ठणठणीत आहे असं कळलं, की मगच शिस्तीकडे वळा.

घड्याळ लावा

लहान कुत्र्याची मूत्राशयाची पिशवी ती केवढीशी! साधारण हिशेब असा, की पिल्लू जितक्या महिन्यांचं तितके तास ते कसंबसं धरू शकतं. दोन महिन्यांचं असेल तर दोन तास. जागेपणी, खेळण्याच्या भरात त्याहूनही कमी. छोट्या जातींना शिकायला थोडा जास्तच वेळ लागतो, म्हणून धीर सोडू नका.

शू नेमकी कधी येते? झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत, खेळून झाल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी. या चार वेळा चुकवायच्या नाहीत. मध्ये दर दोन तासांनी एक फेरी. म्हणून खाणंही वेळच्या वेळी द्यावं. दिवसभर ताटली भरून ठेवली, तर पोट आणि मूत्राशय दोन्हींना वेळापत्रक राहत नाही. ताटली वीस मिनिटांनी उचलून ठेवावी. पाणी मात्र कधी तोडू नका. 'पाणीच दिलं नाही म्हणजे शू होणार नाही' हा हिशेब उन्हाळ्यात जिवावर बेतेल.

कुत्रं जमीन हुंगत गोल गोल फिरू लागलं, खेळता खेळता एकदम कोपऱ्याकडे निघालं, दाराशी जाऊन कुईंकुईं करू लागलं, की हातातली पोळी तव्यावरून उतरवा, गॅस बंद करा आणि निघा.

जागा एक, शब्द एक

बाहेर नेताना पट्टा लावून रोज त्याच जागी न्यावं आणि उभं राहावं. 'शू कर' हा एकच शब्द ठेवावा. आज 'शू कर', उद्या 'चल आटप', परवा आजोबांचं तिसरंच, असं नको. शू झाली की लगेच, अगदी त्याच क्षणी, तोंडभर कौतुक करावं आणि उकडलेल्या अंड्याचा किंवा पनीरचा बोटाच्या पेराएवढा तुकडा द्यावा. बक्षीस घरी आल्यावर दिलं तर त्याला वाटतं, घरी आल्याचंच ते बक्षीस! कांदा, द्राक्षं, बेदाणे आणि चॉकलेट मात्र कुत्र्याला कधीच देऊ नयेत, ती त्याला विषासमान.

आणखी एक बारीकशी गोष्ट. शू केल्याबरोबर 'झालं एकदाचं' म्हणून त्याला ओढत घरी आणू नका. शू केली की फिरणं संपतं, हे त्याच्या ध्यानात आलं, तर ते शू रोखून धरू लागतं आणि घरात पाऊल ठेवताच सोडतं. शू झाल्यावर पाच मिनिटं जास्त फिरवा. आणि बाहेर दहा मिनिटं थांबूनही काही केलं नाही, तर घरी आल्यावर मोकळं सोडू नका. जवळच बांधून ठेवा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा न्या.

हे 'जवळ बांधणं' फार महत्त्वाचं बरं का. शिकत असलेल्या कुत्र्याला सगळं घर मोकळं देऊ नये. तुम्ही ओट्याशी असाल तर ते स्वयंपाकघराच्या दाराशी, तुम्ही भाजी निवडत असाल तर पायाशी. नजरेआड झालं की कोपरा गाठलाच म्हणून समजा. पण कोंडून मात्र ठेवू नये, तासन्‌तास तर मुळीच नाही.

तिसरा मजला आणि पावसाळा

पिल्लाचं लसीकरण पूर्ण व्हायचं असेल, तर त्याला रस्त्यावर नेऊ नये. पार्व्होसारखे रोग तिथूनच येतात. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांची आणि धो धो पावसात अडकलेल्यांची अडचणही मला कळते. अशा वेळी गॅलरीत किंवा मोरीच्या कोपऱ्यात एक जागा ठरवून द्या. बऱ्याच घरांत रद्दी पसरतात. सोय चांगली, पण मग आजोबांनी वाचून खाली ठेवलेला ताजा पेपरही कुत्र्याला 'आपलाच' वाटू लागतो! त्यापेक्षा पसरट ट्रेमध्ये जाडसर गोणपाट किंवा काथ्याची चटई घालावी. पहिले काही दिवस ओल्या गोणपाटाचा लहानसा तुकडा नव्यावर ठेवावा, म्हणजे वासाने कुत्रं जागा ओळखतं. पुढे बाहेर जायची सवय लावायची असेल, तर तो ट्रे दर दोन-तीन दिवसांनी वीतभर दाराच्या दिशेने सरकवत न्यावा.

नाक घासू नका

आपल्याकडे सर्रास केला जाणारा प्रकार म्हणजे कुत्र्याचं नाक शूमध्ये घासून वर दोन फटके देणं. यातून ते एवढंच शिकतं, की माणसांसमोर शू करणं धोक्याचं. मग ते दिवाणाखाली लपून करतं आणि बाहेर नेल्यावर तुमच्यादेखत करायलाही घाबरतं. ''पण ताई, त्याला कळतं हो, कसा चोरासारखा चेहरा करतो!'' असं तुम्ही म्हणाल. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या अमेरिकन अभ्यासक बाईंनी २००९ मध्ये याच चेहऱ्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. कुत्र्याने चूक केली असो वा नसो, मालक रागावला की तो चेहरा होतो, असं त्यांना दिसलं. म्हणजे तो पश्चात्ताप नाही, तुमच्या आवाजाची भीती आहे.

करताना रंगेहाथ सापडलं, तर हलकी टाळी वाजवून 'चल बाहेर' म्हणत न्यावं. उरलेली शू बाहेर झाली, तर कौतुक करावं. झाल्यानंतर सापडलं, तर मुकाट्याने पुसावं.

पाहुणे आले किंवा यजमान घरी आले, की काही कुत्री शेपूट घालून, अंग चोरून जागच्या जागी शू करतात. ही नम्रतेची किंवा आनंदाची शू. तिला रागावलं तर ती वाढते. आल्या आल्या त्याच्यावर वाकू नये, दोन-चार मिनिटं दुर्लक्ष करावं, ते शांत झालं की खाली बसून हाक मारावी. वय वाढतं तशी बहुतेकांची ही सवय जाते.

आणि खुर्चीचा पाय, कपाटाचा कोपरा, गॅसचा सिलिंडर यांवर पाय वर करून चमचाभरच उडवणारा नर असेल, तर तो आपली हद्द आखत असतो. नसबंदी केल्यावर अनेक नरांमध्ये हे पुष्कळ कमी होतं. डॉक्टरांना विचारावं.

पुसण्याचंही शास्त्र

जिथे वास, तिथे पुन्हा शू. म्हणून वास समूळ घालवला पाहिजे. आधी जुन्या फडक्याने टिपून घ्यावं, चोळू नये. मग पाण्याने पुसून, खायचा सोडा भुरभुरून थोड्या वेळाने झाडून काढावा. गादी-सतरंजीलाही हाच उपाय. सिरॅमिकच्या टाइल्स असतील तर अर्धं व्हिनेगर, अर्धं पाणी चालतं. पण शहाबादी, कोटा, कडप्पा, संगमरवर किंवा मोझॅइकवर व्हिनेगर नको, फरशी खाल्ली जाते. पाळीव प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमचं क्लीनर मिळतं. ते लघवीतलं युरिक ॲसिड मोडतं, म्हणून जुन्या डागांना ते उत्तम.

अमोनियाचं क्लीनर वापरू नका, त्याचा वास कुत्र्याला शूसारखाच येतो. लघवीवर ब्लीच ओतू नका आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा ॲसिड तर कधीच मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. काळं फिनेल टाळलेलं बरं. फरशीवरचं पायाला लागतं आणि कुत्रं पाय चाटतं.

पुसताना हातमोजे घाला, निदान प्लॅस्टिकची पिशवी तरी. २००५ च्या जुलैतल्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती, ती आठवते ना? मुख्यतः उंदरांच्या मुतातून पसरणारा हा रोग कुत्र्यालाही होतो आणि त्याच्या शूमधून माणसालाही. कुत्र्याला त्याची लस द्यावी आणि हाताला जखम असेल, तर पुसण्याचं काम दुसऱ्या कुणीतरी करावं.

पण पोतेरं कुणाच्या हातात?

शेवटचं आणि महत्त्वाचं. कुत्रं घरात आणतात सगळे मिळून आणि पुसते मात्र एकटी गृहिणी. हे चालायचं नाही. एका बाईने दिवसातून आठ फेऱ्या मारून कुत्रं शिकत नाही, बाई तेवढी थकते. तेव्हा फ्रीजवर एक कागद लावा. सकाळी सहाची फेरी यजमानांची. दुपारी शाळेतून आल्यावर थोरल्याची. संध्याकाळी आजोबांना झेपेल तेवढं गल्लीच्या टोकापर्यंत. रात्री साडेदहाची पुन्हा यजमानांची. तुमची दुपारची, बस्स. ज्याच्या वेळेत घरात शू झाली, त्याने पुसायची, हा नियम सगळ्यांना सारखा. शेजारच्या रकान्यात रोज घरात किती वेळा झालं ते लिहा. पहिल्या आठवड्यात सात, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात तीन, असा आकडा उतरताना दिसला, की सासूबाईंचाही राग उतरतो. आकडा जराही उतरला नाही, तर शिस्त कुठे सुटतेय ते त्याच कागदावर कळेल, नाही तर पुन्हा डॉक्टरांकडे जा.

मुलांना प्रेम करायला कुत्रं हवं असतं. त्या प्रेमात पहाटेची फेरी आणि पोतेरंही येतं, हे त्यांना याच वयात कळलेलं चांगलं.