बांधावरचा घोयरा आणि परदेशचा बाजार



या अंकात कपाशीवरील गुलाबी बोंडअळीविषयी लिहावयाचे ठरविले होते. पण काटोल तालुक्यातील एका गावी शिवारफेरी चालू असताना एक प्रसंग घडला आणि बोंडअळी मागे राहिली.

नववीतला एक मुलगा पोते घेऊन बांधावर आला. पोत्यात हिरवागार घोयरा सरडा होता. काही गावांत याला सरडगुहिरा म्हणतात. शेपटीचे वेटोळे, डोक्यावर टोपीसारखा उंचवटा, आणि एक डोळा माझ्याकडे तर दुसरा पोराकडे. मुलगा म्हणाला, "साहेब, मोटारसायकलवर एक मानूस आल्ता. जिता आनून देला तं दोन हजार देतो म्हने. परदेशात लोक घरात पायतात म्हने याले."

त्याची आजी लांबूनच ओरडली, "फेक रे ते तिकडं! फुक लागली तं मानूस आंधया होते!"

आजीचे म्हणणे आधी निकालात काढू. घोयरा विषारी नाही. त्याच्या फुंकरीने कोणी आंधळे होत नाही. तो फुसफुसतो, अंग फुगवितो, ते घाबरून. रंग बदलतो तोही पानांत लपण्यासाठी म्हणून नव्हे, तर भीती, राग, ऊन आणि थंडी यांप्रमाणे. अंगाएवढी लांब जीभ फेकून तो नाकतोडे, माश्या आणि इतर किडे टिपतो. फवारणीचा खर्च न मागणारा गडी आहे तो.

हे मी आज सांगतो, पण एक कबुली दिली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षी उमरेडकडे मजुरांनी माझ्यादेखत एक घोयरा काठीने ठेचला. मी कृषी पदवीधर, बाजूला उभा. तो विषारी आहे की नाही हे मलाच ठाऊक नव्हते, म्हणून गप्प राहिलो. पदवीच्या पुस्तकात किडीचे पान होते, घोयऱ्याचे नव्हते.

आता दोन हजारांची गोष्ट. मुलाच्या वडिलांनी मला सरळ विचारले, "साहेब, परदेशात इकत असतील तं आपन काहून नाही इकाचं? कोंबडी-बकरी इकतोच ना आपन?" प्रश्न रास्त आहे. सोयाबीनचा भाव पडलेला असताना दोन हजार रुपये म्हणजे पोराच्या शाळेचा खर्च. तेव्हा उत्तरही नीट द्यावयास हवे.

१९७३ साली वॉशिंग्टन येथे अनेक देशांनी मिळून एक करार केला. त्याला सायटीस म्हणतात. १९७५ पासून तो अमलात आला, १९७६ मध्ये भारत त्यात सामील झाला, आणि आज एकशे ऐंशीहून अधिक देश त्यात आहेत. त्याच्या तीन याद्या आहेत. पहिल्या यादीतील जंगली जीव पकडून व्यापारासाठी देशाबाहेर नेताच येत नाही. दुसऱ्या यादीतील जीव पाठवायचा तर पाठविणाऱ्या देशाने दाखला द्यावा लागतो की, याच्या जाण्याने जंगलातील जातीला धोका नाही. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला जसा टॅग असतो तसा हा दाखला. टॅग नाही तर पिशवीवर विश्वास नाही. तिसऱ्या यादीत एखादा देश आपल्या जीवापुरते इतरांचे सहकार्य मागतो.

घोयऱ्याच्या जगभरात दोनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतील जवळपास निम्म्या एकट्या मादागास्कर बेटावर. तेथून शौकिनांसाठी ते इतके जाऊ लागले की, १९९५ मध्ये चार जाती वगळून तेथील बहुतेक घोयऱ्यांचा व्यापार थांबवावा लागला. पुढे काहींना ठरावीक कोटा देऊन परवानगी मिळाली. मग व्यापारी आफ्रिकेतल्या पानाएवढ्या बुटक्या जातींकडे वळले, तेव्हा २०१६ च्या जोहान्सबर्ग येथील परिषदेत त्याही दुसऱ्या यादीत घेतल्या. त्याच परिषदेत आपले खवल्या मांजर पहिल्या यादीत गेले. २०१९ मध्ये चांदणी कासवही गेले. म्हणजे नियम एका जागी थांबत नाहीत. काल ज्याला दाखल्यावर नेता येत होते, ते आज मुळीच नेता येत नाही.

पण आपल्या बांधावरच्या घोयऱ्याला या याद्यांपर्यंत जाण्याचे कारणच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणे, पाळणे, विकणे सारेच बंद आहे. कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. साधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. खवल्या मांजरासारख्या पहिल्या अनुसूचीतील प्राण्याला हात लावला तर कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षे, शिवाय किमान पंचवीस हजार दंड. मोटारसायकलवाला नाव सांगून जात नाही. पोते पोराच्या हातात सापडते. वडिलांना मी एवढेच विचारले की, दोन हजारांत वकिलाची पहिली तारीख तरी निघेल का?

नागपुरात शिकणारी आपली मुले आता परदेशी इग्वाना, येमेनकडचे घोयरे असे जीव विकत घेऊ लागली आहेत. घरी कोणी असा जीव आणला असेल तर ऐका. सायटीसच्या याद्यांतील परदेशी जीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले आहेत, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची नोंद परिवेश संकेतस्थळावरून मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करावी लागते. जीव ताब्यात आल्यापासून तीस दिवसांत. पिल्ले झाली, कोणाला दिला, तरी कळवावे लागते. विकणाऱ्याकडे आयातीचा दाखला नसेल तर घेऊच नये. शिवाय घोयरा वाटीतले पाणी पीत नाही, पानावरचे थेंब चाटतो. त्याला जिवंत किडा लागतो. अज्ञानी हातात तो लवकर मरतो.

भाताच्या पट्ट्यातील जुन्या वाचकांना बेडकांचे आठवत असेल. एके काळी आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशी जात. पोत्यांनी बेडूक गेले आणि बांधीतल्या किडी खाणारे तोंड कमी झाले. १९८५ मध्ये त्यांच्या दोन जाती सायटीसच्या दुसऱ्या यादीत आल्या, १९८७ मध्ये आपण निर्यातच बंद केली. तंगड्यांचे पैसे व्यापाऱ्याने नेले, कीडनाशकाचे बिल शेतकऱ्याच्या वाट्याला आले. मांडुळाचेही तेच. तो उंदीर खाणारा साप, आणि लोक त्याच्या वजनावर लाखोंचे आकडे बोलतात. ते आकडे बोलणारेच आपल्याला फसवितात.

पावसाळा सरताना घोयऱ्याची मादी झाडावरून उतरते, भुसभुशीत मातीत खड्डा करते आणि एका वेळी डझनभर किंवा त्याहून अधिक अंडी घालते. याच दिवसांत ती रस्ता ओलांडताना चाकाखाली येते. बांध खणताना अशी अंडी दिसली तर माती परत लोटून द्यावी. जखमी घोयरा सापडला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. नागपूरला सेमिनरी हिल्स येथे वनविभागाचे उपचार केंद्र आहे.

पोत्यातला घोयरा त्याच सकाळी धुऱ्यावरच्या निंबावरून काढलेला होता. मुलाने तो तेथेच नेऊन सोडला. अर्धा तास एकेक पाऊल डुलत तो वर चढला. आजी चांगली दहा हात लांब, तोंडाला पदर लावून उभी होती, पण सारे पाहून घेतले. मोटारसायकलवाला पुन्हा आला तर त्याचा गाडी क्रमांक लिहून ठेवण्याचे वडिलांनी कबूल केले आहे.

पुढील अंकी गुलाबी बोंडअळी. कामगंध सापळे लावले असतील तर त्यांत रोज किती पतंग सापडतात, ते तोवर वहीत टिपून ठेवावे.