हातग्राइंडरचें झांकण

ज्या वस्तीवर विजेची तार पोंचली आहे, त्या वस्तीवर आतां बहुधा एखादा हातग्राइंडर सांपडतोच. कोणी त्यास कटर म्हणतात, कोणी नुसतें मशीन म्हणतात. जर्मनींतील एका कारखान्यानें १९५४ सालीं या जातीचें यंत्र प्रथम तयार केलें. आपल्या शेतकऱ्याच्या हातीं तें पुष्कळ उशिरां आलें, परंतु आल्यावर त्यानें लोहाराच्या भात्यापुढील रांग मोडली हें कबूल केलें पाहिजे. कुळवाची पास, कोयता, रोटाव्हेटरचीं पातीं, कांदाचाळीचे अँगल, गोठ्याचें फाटक, सर्व कांहीं आतां घरच्या घरीं होतें. या सोयीविरुद्ध आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती अशी कीं, यंत्र घरीं आल्यावर पहिलें काम कोणतें होतें, तर चकतीवरील अर्धगोल झांकण, ज्यास गार्ड म्हणतात, तें काढून अडगळींत टाकणें.

झांकणाविरुद्ध दोन आक्षेप आमच्या कानीं येतात. पहिला असा कीं, कोपऱ्यांतील काम त्यामुळें अडतें. हा आक्षेप अगदींच खोटा नाहीं. परंतु कोपऱ्यांतील काम वर्षांतून दोनचार वेळां निघतें आणि झांकण मात्र बारा महिने अडगळींत पडतें. शिवाय तें ढिलें करून हव्या त्या बाजूस फिरवितां येतें, हें पुष्कळांस ठाऊकच नसतें. दुसरा आक्षेप खरा, आणि तो कोणी मोठ्यानें बोलत नाहीं: झांकण असलें म्हणजे चार इंची यंत्रावर सात इंची चकती बसत नाहीं. मोठी चकती अधिक दिवस पुरते, जाड लोखंड एका दमांत कापते, म्हणून भोक मोठें असल्यास आंत वायसर घालून ती बसविण्याची विद्या गांवोगांव पसरली आहे.

आतां जरा हिशेब पाहूं. हिशेब तपासण्यांतच आमची नोकरी संपली असल्यामुळें वाचकांनीं एवढी मोकळीक द्यावी. चार इंची यंत्राचा फिरण्याचा वेग मिनिटास सुमारें ११,००० फेऱ्यांचा असतो. त्या वेगानें चार इंची चकतीची कड ताशीं दोनशें किलोमीटरांहून थोड्या अधिक वेगानें धांवते. या चकत्या सामान्यतः सेकंदास ८० मीटर, म्हणजे ताशीं २८८ किलोमीटर, एवढ्या वेगापर्यंत चालविण्यासाठीं बनविलेल्या असतात. त्यामुळेंच सात इंची चकतीवर ८,५०० च्या आसपास फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते. तीच चकती ११,००० फेऱ्यांवर फिरविली तर तिच्या कडेचा वेग ताशीं ३७० किलोमीटरांवर जातो. चकतीस फांकवून फोडूं पाहणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. म्हणजे मर्यादेच्या वेळीं असतो त्याच्या दीडपटीहून अधिक जोर तिच्यावर येतो. चकती पोलादाची नसते. खरखरीत दाणे राळेनें सांधून, आंत कांचतंतूंची जाळी घालून ती घडविलेली असते. ती फुटते तेव्हां वाकत नाहीं, तुकडे होऊन उडते, आणि ज्या प्रतलांत ती फिरते त्याच प्रतलांत तुकडे जातात. झांकण नेमकें त्या वाटेवर, यंत्र धरणाऱ्याच्या बाजूस, आडवें असतें. ज्या यंत्रावर मोठी चकती बसविली तेथें तेंच नसतें. सर्वांत अधिक धोक्याच्या वेळीं आडोसा काढून ठेवण्याची ही रीत आम्हांस अजब वाटते.

राळ ओलीनें कमकुवत होते. चकतीच्या मध्यावरील धातूच्या कडीवर महिना व साल पुष्कळदां उठविलेलें असतें; तें तिची मुदत दाखवितें, आणि ही मुदत साधारणतः तयार झाल्यापासून तीन वर्षांची असते. खताच्या पोत्यांशेजारीं दोन पावसाळे काढलेली किंवा हातांतून फरशीवर पडलेली चकती टाकून द्यावी. नवी चकती बसविल्यावर, कोणी समोर उभें नाहीं असें पाहून, यंत्र मिनिटभर रिकामें फिरवावें.

लांकूड कापण्यासाठीं दांतेरी पातें या यंत्रावर बसवितात, त्याबद्दल आमचें मत अगदीं कडक आहे: तें बसवूंच नये. दांत गांठींत अडकला कीं यंत्र हातांतून उसळून मांडीवर किंवा पोटावर येतें, आणि तें आवरण्याइतकी चपळाई मनुष्याच्या हातांत नाहीं. लोखंडांतही हा उसळा बसतो, परंतु त्याचें कारण बहुधा आपणच तयार करतों. पाइप दोन दगडांवर ठेवून मधोमध कापूं लागलें म्हणजे तो खालीं दबतो, चीर वरून मिटते व चकती चिमटली जाते. एक बाजू पक्की धरून दुसरी मोकळी लोंबत ठेवावी, म्हणजे चीर आपोआप उघडत जाते. बाजूची मूठ तर कोणीही काढूं नये. एका हातानें यंत्र व दुसऱ्यानें लोखंड धरणारे वीर आम्हांस ठाऊक आहेत.

विजेची गोष्ट आपल्याकडे निराळी आहे. काम चालू असतां वीज जाते, गडी यंत्र तसेंच ठेवून चहास जातो, आणि बटण मात्र चालूवर अडकवलेलें राहतें. वीज परत आली कीं यंत्र आपणहून सुरू होऊन जमिनीवर नाचूं लागतें. तेथें लहान मूल असलें तर काय होईल, हें लिहिण्याची गरज नाहीं. वीज गेली कीं आधीं बटण मोकळें करावें व पिन काढावी. उघड्या तारा काडीनें सॉकेटांत खोंचणें व ओल्या वाफ्यांत उभें राहून काम करणें, यांविषयीं अधिक लिहीत नाहीं.

रिकामें पिंप कापून जनावरांसाठीं हौद करण्याची चाल आहे. ज्यांत डिझेल किंवा पेट्रोल होतें तें पिंप रिकामें दिसलें तरी वाफेनें भरलेलें असतें, आणि एक ठिणगी पुरते. असलें पिंप कापूंच नये. कडब्याच्या गंजीजवळही यंत्र चालवूं नये. ठिणग्या कित्येक हात लांब जातात.

आतां डोळ्यांविषयीं. लोखंडाचा तापलेला कण बुबुळावर बसला कीं कांहीं तासांतच त्याभोंवतीं गंजाचें कडें धरूं लागतें. आपल्याकडे तो पदराच्या टोंकानें अगर काडीनें काढण्याचा प्रयत्न होतो, आणि जखमेंत आणखी जखम होते. तो नेत्रवैद्यानेंच काढावयाचा असतो. नंबराचा साधा चष्मा येथें उपयोगी नाहीं, कारण कण बाजूनें शिरतात. बाजू बंद असलेला संरक्षक चष्मा पाहिजे, आणि तो शेंदोनशें रुपयांत मिळतो. अपघाताच्या अर्जांचे कागद नोकरींत आमच्या हातांखालून पुष्कळ गेले. गोपीनाथ मुंडे यांच्या नांवानें राज्य सरकारची जी शेतकरी अपघात योजना आहे, तिच्यांत एक डोळा निकामी झाल्यास एक लाख रुपये अनुदान आहे. सातबारा, दाखले, तपासणी, सह्या यांतून तें पदरीं पडेपर्यंत घरच्या माणसांचे किती हेलपाटे होतात हें आम्हीं टेबलाच्या या बाजूनें पाहिलें आहे.

सैल उपरणें, गळ्यांतील रुमाल, लोंबती बाही किंवा पदर यंत्राजवळ नसावा, हें सांगितलें पाहिजे. फरशी व दगड कापतांना तोंडास साधा रुमाल पुरत नाहीं. ती धूळ फुप्फुसांत कायमची बसते.

आपल्या सोसायटीच्या औजारघरांतून हातग्राइंडर भाड्यानें दिला जातो. आमची सूचना अशी कीं, झांकण, बाजूची मूठ व चष्मा या तीन वस्तूंवांचून यंत्र कोणासही देऊं नये. यंत्राबरोबर त्यांची नोंद वहींत व्हावी, परत येतांना त्या मोजून घ्याव्यात, आणि झांकण न आल्यास अनामत जमा करावी. चार इंची यंत्रासाठीं सात इंची चकती मागणाऱ्यास दुकानांतून ती मिळूं नये. यावर सभासद कुरकुरतील, कांहीं तालुक्याच्या बाजारांतून चकती आणतील. आणोत बापडे, परंतु ती सोसायटीच्या पावतीवर नसावी. अठरा वर्षांखालील मुलाच्या हातीं यंत्र देऊं नये, मग तो चेअरमनसाहेबांचा नातू कां असेना. हा मसुदा आम्हीं व्यवस्थापक समितीकडे लेखी दिला असून, येत्या मासिक सभेंत तो वाचला जावा अशी विनंतीही सोबत जोडली आहे.