पंथातून सुटलेल्यांचा थकलेला हिशेब

बंदिस्त पंथातून बाहेर पडलेला माणूस मानसोपचारतज्ज्ञासमोर बसला की त्याला बहुधा विचारले जाते ते असे : ‘तुम्ही मुळात तिथे गेलातच कसे?’ प्रश्न सहानुभूतीने विचारलेला असतो, यात शंका नाही. परंतु त्याच्या पोटात निकाल दडलेला असतो. दोष त्या माणसाच्या मनात होता. बालपणी काही उणे राहिले असेल, स्वभाव दुबळा असेल, असे आधीच ठरलेले असते. ज्या संस्थेने त्याचे श्रम, पैसा, झोप आणि मुले ताब्यात घेतली, ती या चौकशीतून सहीसलामत सुटते. यंत्रात हात गमावलेल्या कामगाराला ‘तू यंत्राजवळ गेलासच का’ असे विचारणाऱ्या मालकाच्या वकिलाची आणि या प्रश्नाची जातकुळी एकच आहे.

(‘पंथ’ हा शब्द मराठीत वारकरी, नाथ, महानुभाव यांना मानाने लावला जातो. त्यांच्याविषयी येथे काही म्हणायचे नाही. अभिप्रेत आहे तो एका माणसाच्या हुकमतीखालचा, बाहेरचे जग तोडणारा गट.)

असा गट देवाच्याच नावाने चालतो, असे मानून डाव्या वाचकाने निर्धास्त होऊ नये. 18 नोव्हेंबर 1978 रोजी गयानातील जोन्सटाउन येथे 900हून अधिक माणसे मेली, त्यांत सुमारे 300 मुले होती. तो वसाहतप्रमुख जिम जोन्स स्वतःला समाजवादी म्हणवीत असे आणि वृद्ध अनुयायांच्या निवृत्तिवेतनाचे धनादेश त्याच्या संस्थेच्या तिजोरीत जात. लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये मूळच्या केरळच्या अरविंदन बालकृष्णन याने मार्क्स, लेनिन आणि माओ यांच्या नावाने काढलेल्या ‘कामगार संस्थे’चा शेवट याहून निराळा नव्हता. तिथून ऑक्टोबर 2013 मध्ये तीन स्त्रियांची सुटका झाली. त्यांतली एक त्या गटातच जन्मलेली, तीस वर्षांची, शाळेचे तोंडही न पाहिलेली. जानेवारी 2016 मध्ये त्याला 23 वर्षांची शिक्षा झाली आणि न्यायाचे काम संपले. पण त्या तीस वर्षांच्या मुलीला ‘पूर्वीच्या आयुष्यात परत या’ असे कोणता समुपदेशक सांगणार? पूर्वीचे आयुष्य तिला नव्हतेच. प्रौढपणी पंथात गेलेल्याचे जुने नातेगोते, जुना व्यवसाय यांचा धागा पुन्हा शोधता येतो. पंथातच वाढलेल्याला सारे प्रथमपासून शिकावे लागते. हा साधा फरकही अनेक दवाखान्यांत केला जात नाही.

ज्ञान उपलब्ध नाही, अशी सबब चालणार नाही. रॉबर्ट लिफ्टन यांचा चिनी विचारपरिवर्तनावरील ग्रंथ 1961 सालचा आहे. मार्गारेट सिंगर यांनी पंथ सोडलेल्या तरुणांच्या अडचणी 1979 साली लिहिल्या. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2013 सालच्या निदानपुस्तिकेत दीर्घकाळच्या सक्तीच्या मतपरिवर्तनाने ओळख विस्कटल्याची नोंद आहे आणि उदाहरणांत पंथभरतीचा उल्लेखही आहे. पुस्तकात जागा आहे. रुग्णाला विचारायच्या प्रश्नांत नाही.

उलट उपचाराच्या नावाखाली जे दिले जाते, ते कधी कधी जुन्या जखमेवरच बोट ठेवते. ‘डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या’ हा सल्ला आज सर्रास दिला जातो. ज्याला वर्षानुवर्षे तासन् तास ध्यानाला बसवून त्याची विचारशक्ती बोथट केली गेली, त्याला हेच औषध पाजणे म्हणजे काय, याचा विचार होत नाही. शिवाय उपचारक हा शब्दच कित्येकांना भयाचा असतो, आणि ते भय अकारण नाही. 1995 मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडणाऱ्या ओम् शिनरिक्यो पंथात हृदयशल्यचिकित्सक इकुओ हायाशी होता. औषधे टोचून आणि विजेचे झटके देऊन अनुयायांच्या आठवणी पुसण्याचे काम तो करी. पुण्याच्या रजनीश आश्रमात 1970च्या दशकात चाललेल्या गटोपचारांत मारहाण होत असे, हे तिथल्या सहभागी लोकांनीच लिहून ठेवले आहे. अशा ठिकाणाहून आलेल्या माणसाला ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ असे म्हणणारा तज्ज्ञ त्याला दुसऱ्या गुरूसारखाच वाटणार. त्याला हवी असते ती उघड बोली : उपचार कोणता, किती दिवस, मोल किती, आणि ‘नको’ म्हणण्याचा हक्क.

यावर आक्षेप येतो की अशाने धर्मस्वातंत्र्यावर गदा येईल. भीती पोकळ नाही. 1970च्या दशकात अमेरिकेत अनुयायांना पळवून, कोंडून ‘शुद्धीवर’ आणण्याचा उद्योग चालला, आणि तो गुन्हाच होता. ‘मेंदूची धुलाई’ या कल्पनेवर विद्वानांत मतभेदही आहेत. ते खुशाल राहोत. बिनपगारी राबवून घेतले का, घर कुणाच्या नावे गेले, हे विचारायला कोणत्याही सिद्धांताची गरज नाही.

आणि गरजा बहुतांशी याच असतात. पंधरा वर्षे सेवा केलेल्या माणसाकडे भविष्यनिर्वाह निधी नाही, अनुभवाचा दाखला नाही, भाड्याच्या खोलीची अनामत नाही. रात्री झोप न येण्याला हेही कारण असते. त्याला केवळ चिंताविकार म्हणून गोळी लिहून देणे सोपे पडते, इतकेच. जपानने हे फार उशिरा ओळखले. युनिफिकेशन चर्चला एका आईने सुमारे दहा कोटी येन दिले, कुटुंब धुळीला मिळाले आणि जुलै 2022 मध्ये तिच्या मुलाने माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या केली. त्यानंतर, डिसेंबर 2022 मध्ये, देणग्या उकळण्याविरुद्ध कायदा झाला. या लुबाडणुकीविरुद्ध वकिलांचा गट 1987 पासून ओरडत होता, हे विसरता येत नाही.

महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याचा भर गुन्हा आणि शिक्षेवर आहे. भोंदू तुरुंगात गेल्यावर त्याच्या आश्रमातल्या माणसांनी जायचे कुठे, याची व्यवस्था त्यात नाही. पुरोगामी मंडळीही सुटून आलेल्याचे ‘अंधश्रद्धेतून मुक्त झालात’ म्हणून अभिनंदन करतात आणि आपल्या कामाला लागतात. त्या माणसाने मात्र त्याच दिवशी पंगत, भजन, मित्र, सणवार सारे गमावलेले असते, आणि त्या दुःखाला कुणी दुःख मानायला तयार नसते.

तेव्हा समुपदेशनाच्या अभ्यासक्रमात हा विषय आला पाहिजे, आणि त्याहून आधी सरकारी मनोरुग्णालयांत वकील व समाजसेवक उपचारकाच्या शेजारी बसले पाहिजेत. थकलेली मजुरी, गेलेले घर आणि आत राहिलेली मुले यांची नोंद पहिल्याच भेटीत व्हावी. ‘तिथे गेलातच कसे’ हा प्रश्न त्या माणसाला स्वतःहून विचारावासा वाटेल तेव्हा विचारू द्यावा.