गट बदलेल, टंचाईचे काय?

तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावरील शर्करेचे टोक काढून टाकले की ‘ए’ किंवा ‘बी’ गटाचे रक्त ‘ओ’ गटासारखे होते. ही कल्पना नवी नाही. १९८२ मध्ये न्यूयॉर्क येथे जॅक गोल्डस्टीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉफीच्या हिरव्या बियांतील विकर वापरून ‘बी’च्या पेशींचे ‘ओ’मध्ये रूपांतर केले, त्या माणसाच्या शरीरात टिकतात हेही दाखवून दिले. ‘ए’ गटाने मात्र तशी दाद दिली नाही. २०१९ मध्ये कॅनडातील आणि २०२४ मध्ये डेन्मार्क व स्वीडनमधील संशोधकांना मानवी आतड्यातील जीवाणूंत अधिक प्रभावी विकरे सापडली, तेव्हा ही आशा पुन्हा पालवली.

ही आशा अनाठायी नाही. अत्यवस्थ रुग्णाचा गट तपासण्यास सवड नसते, तेव्हा ‘ओ’ गटाच्या पेशीच कामी येतात. शिवाय बदलण्यास तुलनेने सोपा असलेला ‘बी’ गट पश्चिम युरोपपेक्षा भारतात बराच अधिक आढळतो. परंतु या शोधाच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. २०२४ चे यश प्रयोगशाळेतील होते. या विकरांनी ऱ्हीसस घटक बदलत नाही. म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ रक्त ‘निगेटिव्ह’ होत नाही.

दुसरी मर्यादा तर मुंबईच्या नावाशीच निगडित आहे. १९५२ मध्ये डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगट जगापुढे मांडला. या गटाच्या व्यक्तींत ‘एच’ हा मूळ घटकच नसतो, तर ‘ओ’ रक्तात तो भरपूर असतो. साहजिकच ‘सर्वांना चालणारे’ म्हणून गौरविले जाणारे हे रक्त त्यांना घातक ठरते. त्यांचे प्राण त्याच दुर्मिळ गटाच्या दात्यावर अवलंबून असतात.

विकरे रक्ताचा गट बदलतील, जुळणीअभावी वाया जाणाऱ्या बाटल्या कदाचित वाचवतील. पण नवे रक्त निर्माण करणार नाहीत. तांबड्या पेशी साधारण बेचाळीस दिवसच टिकतात, त्यामुळे एकदाच साठा करून निश्चिंत होता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालामुळे १ जानेवारी १९९८ पासून आपल्याकडे पैसे घेऊन रक्त देण्यास बंदी आली. तेव्हापासून सारी भिस्त समाजाच्या सद्बुद्धीवर आहे. शासनाने संशोधनास अवश्य साहाय्य करावे. परंतु दुर्मिळ गटाच्या दात्यांची अद्ययावत नोंद आणि वर्षभर नियमित रक्तदान यांना त्यामुळे पर्याय मिळाला, असे कोणी समजू नये.