लेखाशेजारचें चित्र

दैनिकांच्या रविवार-पुरवण्यांतून आणि मासिकांतून लेखांशेजारीं हल्लीं जीं चित्रें छापून येतात, तीं पाहिलीं म्हणजे संपादकांनीं ते लेख स्वतः वाचले असतील कीं नाहीं, अशी शंका आम्हांस येते. लेख दुष्काळावरचा असो वा संगीतावरचा असो, मुद्रा तीच तुकतुकीत, उजेड तोच सोनेरी! संगणकास एक वाक्य सांगावें आणि त्यानें क्षणार्धांत चित्र हातीं द्यावें, असा हा व्यवहार. विचारलें तर उत्तर ठरलेलें: वेळ नाहीं, पैसा नाहीं.

हें उत्तर आम्हांस मान्य नाहीं. कातर, खळ आणि रद्दी एवढ्या भांडवलावर चालणारी एक चित्रकला शंभर वर्षांहून अधिक काळ वृत्तपत्रांच्या दाराशीं उभी आहे. तिला कोलाज म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ चिकटविणें एवढाच. १९१२ सालीं ब्राक आणि पिकासो यांनीं छापील कागद चित्रांत चिकटविले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पिकासोच्या चित्रांत बाल्कन युद्धाच्या बातम्यांसकट वर्तमानपत्राचीं कात्रणें येऊन बसलीं. बर्लिनची हान्ना होख १९१६ पासून दहा वर्षें उल्स्टाइन ह्या प्रकाशनसंस्थेंत भरतकामाचे नमुने काढून पोट भरीत होती. त्याच संस्थेच्या सचित्र साप्ताहिकांतील चेहरे कापून तिनें आपलीं चित्रें रचिलीं. जॉन हार्टफील्डनें तर १९३२ सालीं एका कामगार-साप्ताहिकांत हिटलरच्या छातीचें क्ष-किरण-छायाचित्र दाखवून कण्याच्या जागीं नाण्यांची चवड उभी केली. पुढच्याच वर्षीं त्याला प्रागला पळून जावें लागलें. केवळ शोभेच्या चित्रासाठीं कोणी देशोधडीला लागत नाहीं.

यंत्रही दुसऱ्यांचींच चित्रें चाळून आपलें बनवितें, मग कातरीनें निराळें काय केलें, असा आक्षेप चतुर लोक घेतात. निराळें हें कीं, कात्रण आपलें मूळ विसरत नाहीं. ऊसतोडणीवरील लेखास साखरेच्या पोत्यावरचा छापा, उचलीची पावती आणि जुन्या दिनदर्शिकेंतील एखादा महिना अशा तीन कागदांचें चित्र जोडा. त्यांतील प्रत्येक तुकडा आपल्या टाइपासह, छपाईच्या ठिपक्यांसह, पिवळेपणासह साक्षीला उभा राहतो. यंत्र त्यांचें पीठ करतें. मग कोणाचा दाणा कोणता, हें दळणाऱ्यासही सांगतां येत नाहीं. हार्टफील्ड आपले सांधे झांकीत असे, हें आम्ही जाणून आहों. परंतु कण्यांत नाणीं असलेला मनुष्य खरा आहे असें कोणी मानीत नाहीं. तो उघड आरोप होता. यंत्राचा दुष्काळग्रस्त शेतकरी मात्र वाचक खरा समजून पाहतो, आणि तो कोठेंच नसतो.

हाताचें तें सर्व चांगलें, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. फुलपांखरूं, टपालाचें तिकीट आणि घड्याळाचे कांटे एकत्र चिकटविले कीं स्मरणरंजनाच्या लेखाचें काम भागलें, असें समजणारे चित्रकारही आमच्या पाहण्यांत आहेत. त्यांच्यापेक्षां कोरी जागा बरी.

वेळ लागतो, हें मात्र खरें. लेख दोनदां वाचावा लागतो, रद्दी उपसावी लागते, तुकडे न चिकटवितां पुष्कळ वेळ हलवून पाहावे लागतात. खळ पाणचट झाली तर वर्तमानपत्राचा पातळ कागद सुरकुततो, आणि स्तंभाच्या रुंदीला आणतांना बारीक तुकडे दिसेनासे होतात. ह्या कष्टांचा मोबदला द्यावयास नको म्हणूनच यंत्र प्रिय झालें आहे. दिवाळी अंकाच्या जाहिरातींसाठीं महिनेच्या महिने खेटे घालणाऱ्या संपादकांनीं लेखामागें दोन दिवस चित्रकारास द्यावे, मानधन लेखकाच्या बरोबरीनें ठरवावें, आणि त्याचें नांव अनुक्रमणिकेंत लेखकाच्या नांवाशेजारीं त्याच टाइपांत छापावें. आणि ज्या लेखास यंत्राचेंच चित्र लावावयाचें असेल, तेथें तसें चित्राखालीं स्पष्ट लिहावें.